"कळलं ना?" या प्रश्नाला "हो" असे उत्तर आले, म्हणजे आपले काम झाले का?

शुश्रूषा (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार. मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयात मी गेली २२ वर्षे परिचारिका आहे. सध्या शस्त्रक्रिया विभागाच्या स्त्री कक्षाची इन्चार्ज म्हणून काम पाहते. गेल्या महिन्यात माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी नाव लागलेल्या ६७ वर्षांच्या एका आजींना आदल्या दिवशी मीच सूचना दिल्या होत्या. "आजी, उद्या सकाळी उपाशी यायचं, काही खायचं नाही. कळलं ना?" असे मी विचारले. त्यांनी मान डोलावली आणि "हो बाई" म्हणाल्या. मी केसपेपरवर सूचना दिल्याची नोंद करून सही केली आणि पुढच्या रुग्णाकडे वळले. दुसऱ्या दिवशी आजी सकाळी सात वाजता हजर होत्या. भूलतज्ज्ञांनी विचारले, तेव्हा त्या अगदी विश्वासाने म्हणाल्या, "काही नाही खाल्लं, उपासच केलाय. निघताना वाटीभर साबुदाण्याची खिचडी घेतली आणि शेंगदाण्याचा एक लाडू, तेवढंच."

शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. पुढची तारीख १८ दिवसांनंतरची मिळाली. नालासोपाऱ्याहून पहिल्या लोकलने आईला घेऊन आलेला मुलगा रोजंदारीवर काम करतो, त्याचा तो दिवस बुडाला. तो आईवर चिडला आणि आजी माझ्याकडे अपराध्यासारख्या पाहत राहिल्या. वास्तविक त्यांनी माझे म्हणणे, त्यांना जसे समजले तसे, अगदी निष्ठेने पाळले होते. ज्या घरात उपास म्हणजे खिचडी, भगर आणि रताळी, त्या घरात मी 'उपाशी' हा शब्द नुसता टाकून निघून आले होते.

माझा प्रश्न असा आहे, की "कळलं ना?" याला रुग्ण "नाही" असे कधी म्हणतो का? आणि म्हणत नसेल, तर समोरच्याला खरोखर कळले आहे हे आपण कोणत्या मार्गाने ओळखतो? हाच प्रश्न मला सहकाऱ्यांच्या बाबतीतही पडतो. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, मावशी, वॉर्डबॉय, औषधविक्रेते, नातेवाईक, सर्वांनी लिहावे.

भूलवाले डॉक्टर | सोमवार, रात्री ११:१५

सिस्टर, हा अनुभव प्रत्येक भूलतज्ज्ञाच्या गाठीशी असतो. नियम सांगतो: नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी हलके जेवण किमान ६ तास आधी, तेलकट किंवा जड असल्यास ८ तास किंवा त्याहून अधिक, आणि पाण्यासारखे स्वच्छ द्रव २ तास आधीपर्यंत. पोट भरलेले असताना भूल दिली, तर अन्न उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. खेदाची गोष्ट अशी, की यातले कारण आपण रुग्णाला क्वचितच सांगतो. फक्त "खायचं नाही" असे सांगितले, तर ते रुग्णालयाच्या असंख्य नियमांपैकी एक ठरते. "पोटात अन्न असेल तर ते झोपेत श्वासनळीत जातं आणि जीवावर बेततं" असे सांगितले, तर खिचडी चालेल की नाही हे आजी स्वतःच ठरवू शकतात.

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे २:०५

मी मेडिसिनचा निवासी डॉक्टर आहे आणि इथे थोडा विरोधी सूर लावतो, त्याबद्दल क्षमस्व.

आमची २०१९ ची तुकडी ही नव्या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षापासून आम्हाला वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचे वेगळे धडे होते. एकाने रुग्ण व्हायचे, दुसऱ्याने डॉक्टर, आणि बाकीच्यांनी टिपणे काढायची. मला ते तास मनापासून आवडले होते. परंतु आज ओपीडीत सकाळी नऊ ते एक या वेळात आम्ही दोघे मिळून दीडशे केसपेपर संपवतो. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटे येतात आणि त्यांतच तपासणे, लिहिणे, रक्ताच्या चिठ्ठ्या भरणे आले. दाराशी रांगेतली माणसे एकमेकांवर ओरडत असतात. अशा वेळी, कळल्याची खात्री करून घेण्यासाठी रुग्णाला "मी काय सांगितलं ते परत सांगा बरं" असे म्हणणे मला शक्य वाटत नाही. दोष माणसांपेक्षा संख्येचा आहे, हे कुणीतरी स्पष्ट लिहायला हवे.

चाळकरी | मंगळवार, सकाळी ८:३०

रुग्णाच्या बाजूने एक छोटीशी विनंती. "परवा या" असे कृपया सांगू नका. मराठीत परवा मागचाही असतो आणि पुढचाही, आणि हिंदीत तर "कल"सुद्धा तसाच. माझ्या शेजारच्या काकांचा मुलगा त्याच्या मनातल्या परवाला गेला, तर तिथे ओपीडीच नव्हती. तारीख आणि वार दोन्ही लिहून द्यावेत.

पाठ्यक्रमाबाहेर | मंगळवार, सकाळी ९:५०

@रात्रपाळी, तुमची तक्रार खोटी नाही. मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो आणि आमचे विद्यार्थीही हेच म्हणतात. तरीही दोन अभ्यास तुमच्यापुढे ठेवतो. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी अमेरिकेत ओपीडीतल्या भेटींचे ध्वनिमुद्रण ऐकले, तेव्हा रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत असल्याचे दिसले. पुढे २००२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये उलट प्रयोग झाला. डॉक्टरांनी मध्ये बोलायचे नाही, रुग्ण आपणहून थांबेपर्यंत ऐकायचे. रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत थांबले आणि चारांपैकी तिघांहून अधिक जणांचे बोलणे दोन मिनिटांच्या आत संपले.

तिथली गर्दी आणि आपली गर्दी यांची तुलना होणार नाही, हे मान्य. तीन मिनिटांतली दीड मिनिटे देऊन टाका, असेही मी म्हणणार नाही. परंतु "बोलू दिले तर हा माणूस थांबणारच नाही" या भीतीने आपण ज्याला तोडतो, तो बहुधा मिनिटभरात स्वतःच थांबणार असतो. आणि मध्येच तोडल्यामुळे जे राहून जाते, ते तो दाराशी पोहोचल्यावर वळून सांगतो. "डॉक्टर, अजून एक होतं..." हे वाक्य तुम्ही रोज ऐकत असाल. बऱ्याचदा तो खास त्यासाठीच आलेला असतो.

अपघात विभाग | मंगळवार, दुपारी १:२०

ऐकण्याचा विषय निघाला आहे, म्हणून लिहिते. मी एका रुग्णालयात अपघात विभागात परिचारिका आहे.

रात्री अकराच्या सुमारास पन्नाशीच्या एका गृहस्थांना त्यांच्या पत्नी घेऊन आल्या. मूळचे संगमेश्वरकडचे कुटुंब. ते चालत आले होते, एक हात मांडीवर टाकून बाकावर बसले होते. ड्यूटीवरचे डॉक्टर उत्तर प्रदेशातून शिकायला आलेले, अतिशय कष्टाळू, मराठी नुकते शिकू लागलेले. वहिनी म्हणाल्या, "जेवून उठले आणि अंगावरून वारं गेलं हो." डॉक्टरांनी 'वारं' म्हणजे हवा, म्हणजे पोटातले गॅसेस असे धरले. "खाना खाने के बाद?" असे विचारले, वहिनी हो म्हणाल्या, आणि केसपेपरवर तशी नोंद होऊन ते गृहस्थ बाकावरच थांबले. त्याच वेळी दोन अपघाताचे रुग्ण आले होते, हेही सांगायला हवे.

पंचवीस मिनिटांनी आमच्या मावशी लादी पुसत तिथे पोहोचल्या. त्यांनी वहिनींशी दोन शब्द बोलले आणि फडके तिथेच टाकून माझ्याकडे आल्या. "सिस्टर, त्या माणसाला वारं गेलंय, हात बघा त्याचा, उचलत नाही." अंगावरून वारं जाणे म्हणजे पक्षाघात, हे आपल्याकडे कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारले तरी सांगेल. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेही जितके लवकर तितके बरे. त्या रात्री सीटी स्कॅन वेळेत झाला आणि इंजेक्शनही मिळाले.

त्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी मावशींना खुर्ची दिली, त्यांच्या समोर वही घेऊन बसले आणि विचारले, "मावशी, और ऐसे कौनसे शब्द हैं?" जीव घाबरणे म्हणजे दर वेळी भीती नव्हे, छातीत धडधड किंवा दम लागणेही असते. अंगावरून पांढरं जाणे. पित्त झाले म्हणून सांगणारा माणूस, ज्याचा आधी ईसीजी काढायला हवा, कारण दुखणे हृदयाचेही असू शकते. ती वही आता आमच्या विभागात टेबलाच्या खणात असते आणि नव्या तुकडीला पहिल्या दिवशी दाखवली जाते.

कोट्टयमची | मंगळवार, रात्री ९:१०

तुमच्या मावशींना माझा नमस्कार सांगा. मी केरळातून २००९ साली मुंबईत आले आणि मराठी वॉर्डातच शिकले, बहुतेक मावशींकडूनच. लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्यावे.

रुग्णांशी बोलायला मी सहा महिन्यांत शिकले. आकड्यांना मात्र मला तीन वर्षे लागली. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आमच्याकडे असे नाहीत. "दीड गोळी" म्हणजे एक आणि अर्धी, हे मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर चित्र काढून ठेवले होते. त्याहून कठीण म्हणजे तुमचे दोन आकडी अंक. एकदा सकाळच्या पाळीला ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, घेताना रात्रीच्या सिस्टर घाईत म्हणाल्या, "आठ नंबर, शुगर बावन्न, सरांना फोन लागत नाहीये." मी वहीत ९२ लिहिले, कारण मला 'ब्याण्णव' ऐकू आले होते. ९२ म्हणजे काळजी नाही, असे समजून मी पुढच्या खाटेकडे गेले. सरांना फोन का लागत नाहीये आणि का लावायचा आहे, हे मी विचारलेच नाही. दहा मिनिटांनी आठ नंबरच्या आजोबांचा सदरा घामाने भिजला होता आणि ते आपल्या मुलीला आईच्या नावाने हाका मारत होते. पुन्हा तपासले, तर साखर ४८. शिरेतून डेक्स्ट्रोज (साखरेचे द्रावण) दिल्यावर काही मिनिटांत ते मुलीला ओळखू लागले.

त्या सिस्टरनी सांगण्यात काही चूक केली नव्हती. ओव्हर घेताना ऐकलेले परत बोलून दाखवण्याची पद्धतच तेव्हा आमच्याकडे नव्हती. आता आम्ही आकडा सुटा म्हणतो, "पाच-दोन, बावन्न", आणि ओव्हर घेणारीने तो मोठ्याने परत म्हटल्याशिवाय ओव्हर देणारी पुढच्या खाटेकडे सरकत नाही. एका रुग्णामागे चार-पाच सेकंद लागतात.

रात्रपाळी | बुधवार, रात्री १२:३०

@कोट्टयमची, वाचून अंगावर काटा आला. बावन्न आणि ब्याण्णव मीही फोनवर कितीदा ऐकले असेल.

दादरचा औषधवाला | बुधवार, सकाळी ११:००

आकड्यांचा विषय आलाच आहे, तर काउंटरच्या या बाजूचे लिहितो. माझे औषधांचे दुकान आहे.

डॉक्टरांनी सुबक अक्षरात "१-०-१" लिहिलेले असते. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे तुम्हा-आम्हाला डोळे मिटून कळते. परंतु माझ्याकडे एका बाईंनी अत्यंत काळजीने विचारले होते, "एकशे एक गोळ्या कधीपर्यंत संपवायच्या?" तेव्हापासून मी प्रत्येक पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देतो. वाचता न येणाऱ्यांसाठी तर ते उपयोगी आहेच, पण चष्मा घरी विसरलेल्या निवृत्त मुख्याध्यापकांनीही माझे आभार मानले आहेत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या साधारणपणे एका मिलिलीटरला ४० युनिटच्या असतात आणि पेनमधले इन्सुलिन १०० युनिटचे. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात, ४० च्या आणि १०० च्या. ४० च्या कुपीतले औषध १०० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरले, तर पोटात जाते ४ युनिट. उलट प्रकार झाला, म्हणजे १०० चे औषध ४० च्या सिरिंजमध्ये भरले, तर १० च्या जागी २५ युनिट जातात आणि जीवावर बेतू शकते. हे सांगायला मला मिनिटही लागत नाही. परंतु रुग्णालयातून घरी जाताना हे त्यांना कुणी सांगितलेले नसते, कारण प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने सांगितले असेल. डॉक्टरांना वाटते सिस्टर सांगतील, सिस्टरना वाटते औषधवाला सांगेल, आणि मला वाटते की एवढ्या मोठ्या रुग्णालयातून आले आहेत, तर माहीत असेलच. आणि कृपया इंग्रजी 'यू' हे अक्षर आकड्याला चिकटवून लिहू नका, ते शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. 'युनिट' असे पूर्ण लिहावे.

गोवंडीची आरोग्यसेविका | बुधवार, दुपारी ३:४५

क्षयरोगाच्या रुग्णांच्या घरी जाणे हे माझे रोजचे काम. एक तरुण, दहाव्या दिवशी औषध बंद करून बसला होता. मी गेले तेव्हा तो आईपासूनही काही लपवत होता. बऱ्याच वेळाने हळू आवाजात म्हणाला, "ताई, लघवीतून रक्त जातंय, गोळीने आतून काहीतरी फाटलंय." रिफाम्पिसिन या क्षयरोगावरच्या औषधाने लघवी लालसर नारिंगी होते आणि त्यात घाबरण्यासारखे काही नसते, हे एक वाक्य पहिल्या दिवशी त्याच्या कानावर पडले असते, तर त्याचा औषधाचा एकही दिवस चुकला नसता. लोहाच्या गोळ्यांनी शौचास काळे होते, हेही गरोदर बायकांना आधी सांगावे लागते, नाहीतर गोळ्या माळ्यावर जातात.

निवृत्त शल्यचिकित्सक | बुधवार, रात्री ८:२०

वरील सर्व अनुभव वाचून आदर वाटला, तरी एका गोष्टीची मला धास्ती वाटते. प्रत्येक गोष्ट परत म्हणून दाखवायची, प्रत्येक पायरीची यादी करायची, अशाने माणसाचे लक्ष रुग्णावरून उडून कागदावर जाते. आमच्या काळी शस्त्रक्रियागृहात वर्षानुवर्षे तीच सिस्टर असे. मी हात पुढे केला की हवे ते उपकरण हातात येत असे, शब्दाचीही गरज पडत नसे. तो विश्वास यादीने निर्माण होत नाही.

भूलवाले डॉक्टर | बुधवार, रात्री ९:३०

सर, आपण ज्या विश्वासाबद्दल लिहिता तो मी विद्यार्थी असताना पाहिला आहे आणि त्याची किंमत मला ठाऊक आहे. परंतु आज आमच्या टेबलाभोवती उभ्या असलेल्या सात जणांपैकी तिघे त्या सकाळी एकमेकांना पहिल्यांदाच भेटलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया सुरक्षा यादी २००८ साली आली. तिच्यात १९ मुद्दे आहेत, आणि छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे, हा त्यांपैकी एक आहे. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला, त्यांतले एक दिल्लीचे होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले.

नाव सांगण्याचा मुद्दा मला आधी औपचारिक वाटला होता. आमच्याकडे एक नवी परिचारिका होती, आवाज इतका बारीक की मान वळवून ऐकावे लागे. नाव सांगण्याची पद्धत सुरू झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात तिने छेदापूर्वी म्हटले, "सर, संमतीपत्रावर डावी बाजू आहे आणि आपण उजवीकडे कापड लावलंय." संपूर्ण खोली थांबली. तिचे बरोबर होते. एकदा स्वतःचा आवाज त्या खोलीत काढलेला असला, की दुसऱ्यांदा काढणे सोपे जाते, असे तिनेच नंतर मला सांगितले.

निवृत्त शल्यचिकित्सक | बुधवार, रात्री १०:१५

डॉक्टर, हे उदाहरण मला निरुत्तर करणारे आहे. माझ्या शस्त्रक्रियागृहात अशा किती मुली गप्प राहिल्या असतील, हा विचार आज रात्री मला झोपू देणार नाही. मी माझा आक्षेप मागे घेतो.

शुश्रूषा (धागाकर्ती) | बुधवार, रात्री १०:५०

सर, आपण हे इथे लिहिलेत, याबद्दल एक परिचारिका म्हणून आपले मनापासून आभार. रात्री दोन वाजता वरिष्ठांना फोन करताना अजूनही कनिष्ठ मुलींचे हात थरथरतात. काय बोलायचे याचा सांगाडा हाताशी असला, तर धीर येतो. आमच्याकडे आता फोनशेजारी चार ओळी चिकटवल्या आहेत: आत्ता काय झाले आहे, रुग्णाची पार्श्वभूमी काय, मला काय वाटते, आणि तुम्ही काय करावे असे मी सुचवते. ही पद्धत मूळची अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची, तिथून ती रुग्णालयांत आली. आमच्या मुलींना सर्वांत अवघड जाते ती शेवटची ओळ. "सर, तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं" हे वाक्य मी त्यांच्याकडून मोठ्याने म्हणवून घेतले आहे.

श्रवणयंत्र | गुरुवार, सकाळी ७:४०

मला कमी ऐकू येते आणि मी ओठ वाचून समजून घेतो. मास्क लावलेल्या डॉक्टरांशी बोलणे म्हणजे माझ्यासाठी भिंतीशी बोलणे असते. मी सांगितले, की आवाज चढवतात, त्याचा उपयोग नसतो आणि सगळी रांग माझ्याकडे पाहू लागते. समोर बसून, सावकाश, आणि औषधाचे नाव कागदावर लिहून दाखवले तर पुरते. माझ्याऐवजी माझ्या पत्नीशी बोलू नये, एवढीच विनंती.

समाजसेविका | गुरुवार, दुपारी २:१०

शेवटचे वाक्य वाचून थांबले, कारण माझे निम्मे काम त्या वाक्यातच आहे. मी एका कर्करुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे.

रोज कुणीतरी मला जिन्याजवळ गाठते आणि हात जोडून म्हणते, "ताई, बाबांना फक्त सांगू नका." हे मायेपोटीच असते, म्हणून मी त्यांना कधीही टाळत नाही. मी विचारते, "सांगितलं तर काय होईल असं वाटतं?" मग ते बोलतात: बाबा हातपाय गाळतील, जेवणार नाहीत, घरी परत चला म्हणतील. ते सगळे ऐकून घेतल्यावरच मी पुढचे म्हणते, की मी आपणहून काही सांगणार नाही, परंतु त्यांनी मला विचारले तर खोटेही बोलणार नाही. कायद्याची बाजूही आहेच. २००८ साली समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सज्ञान आणि शुद्धीत असलेल्या रुग्णाऐवजी तिच्या आईने दिलेली संमती पुरेशी नाही, आणि संमती घेण्यापूर्वी उपचार, पर्याय व धोके यांची पुरेशी माहिती रुग्णाला मिळाली पाहिजे. मग आजाराचे नावच न सांगता केमोथेरपीच्या कागदावर सही घ्यायची ती कशी?

जळगावकडचे एक शेतकरी होते. मुलांनी त्यांना "पोटात गाठ आहे, शेकून बरी होईल" असे सांगून किरणोपचाराला आणले होते. वॉर्डात सर्वांनी ते पाळले. तिसऱ्या आठवड्यात त्यांना सणासाठी गावी जायचे होते, म्हणून मुलाने रेल्वेच्या सवलतीचे प्रमाणपत्र घेतले आणि चहा आणायला जाताना वडिलांच्या हातात धरायला दिले. कर्करुग्णांना मिळणारी सवलत ती, आजाराचे नाव कागदावर छापलेले. सातवी शिकलेले गृहस्थ ते, बोट ठेवून वाचले. मी त्यांना भेटले तेव्हा तो कागद त्यांनी चार घड्या घालून टोपीत ठेवला होता. आजाराबद्दल ते एक शब्दही बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "ताई, पोरानं मला सांगितलं असतं तर मी त्याच्या खांद्यावर हात तरी ठेवला असता."

तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी रुग्णाला एकट्याने विचारते, "तुमच्या आजाराची माहिती तुम्हाला स्वतःला हवी आहे, की घरच्यांपैकी कुणाशी बोलू?" काही जण खरोखरच म्हणतात, मुलाशी बोला, मला नको. तेही मी लिहून ठेवते आणि पाळते.

चाळकरी | गुरुवार, दुपारी ३:००

ताई, वाचल्यावर बराच वेळ काही सुचले नाही.

पाठ्यक्रमाबाहेर | गुरुवार, सायंकाळी ६:३०

याच संदर्भात 'पॉझिटिव्ह' या शब्दाबद्दल मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सावध करतो. "रिपोर्ट पॉझिटिव्ह आला" हे ऐकून एका बाईंनी माझ्यासमोर देवाला हात जोडले होते. चांगले झाले, असे त्यांना वाटले होते. आजार आहे की नाही, हे सरळ मराठीत सांगावे, आणि सांगून झाल्यावर लगेच उपचारांकडे वळू नये. थोडे थांबावे. त्या क्षणानंतरची पाच-सहा वाक्ये कुणाच्या डोक्यात शिरत नाहीत.

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ११:४५

आधी विरोध केला होता, म्हणून हेही इथेच नोंदवणे योग्य. गेले तीन दिवस ओपीडीत मी सर्वांना नव्हे, फक्त ज्यांचे औषध बदलले त्यांनाच परत सांगायला लावले. दिवसाला साधारण वीस जण. पहिल्या दिवशी एका काकांनी सांगितले, की नवी गोळी ते जुनीच्या जोडीने घेणार आहेत. मला ती जुनीच्या जागी द्यायची होती. दोन्ही रक्तदाबाच्याच होत्या. ओपीडी वीस मिनिटे लांबली, हे खरे. संख्येबद्दलचे माझे म्हणणे मात्र कायम आहे. डॉक्टर आणि परिचारिकांची भरलेली पदे वाढली नाहीत, तर हे सगळे काही मोजक्या लोकांच्या चांगुलपणावर उभे राहील.

शुश्रूषा (धागाकर्ती) | शनिवार, रात्री १०:२०

@रात्रपाळी, पदांबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. आमच्या कक्षातही रात्री ४० खाटांमागे दोघीच असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. त्या आजींची शस्त्रक्रिया परवाच्या गुरुवारी झाली (@चाळकरी, मागच्या गुरुवारी). बुधवारी त्या आल्या, तेव्हा मी "कळलं ना?" हे विचारले नाही. "परत सांगा" असेही म्हटले नाही, कारण ते परीक्षा घेतल्यासारखे वाटते. मी म्हटले, "आजी, मागच्या वेळी मी नीट सांगितलं नव्हतं. आज मला खात्री करून घ्यायची आहे. घरी गेल्यावर सूनबाईला काय सांगाल?"

त्यांनी पदर सावरला आणि बोटावर मोजत म्हणाल्या, "रात्री दहाच्या आत जेवायचं. मग काही नाही. खिचडी नाही, फळ नाही, चहा नाही, दूध नाही. उपास वेगळा आणि हे वेगळं. पोट रिकामं हवं, नाहीतर झोपेत अन्न छातीत जातं." मी खूश होऊन उठणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला आणि विचारले, "पण बाई, मिशरी लावू ना? ती काही गिळत नाही मी. आणि बीपीची गोळी?"

बावीस वर्षांत मला हे दोन प्रश्न कुणी विचारले नव्हते, कारण ते विचारायला मी कधी जागाच ठेवली नव्हती. @भूलवाले डॉक्टर, आमच्या डॉक्टरांना विचारून मी आजींना उत्तर दिले, परंतु इथल्या सर्वांसाठी आपण लिहाल का?

भूलवाले डॉक्टर | शनिवार, रात्री १०:५५

मिशरी नको, सिस्टर. ती गिळली नाही तरी तंबाखूच आहे, हिरड्यांतून रक्तात उतरते आणि नाडी व रक्तदाब वाढवते. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर चालू ठेवतात, पण काही थांबवाव्या लागतात, आणि मधुमेहाच्या गोळ्यांचे वेगळे असते. म्हणून "नेहमीच्या गोळ्या घ्या" असे सरसकट सांगू नये. कोणती घ्यायची आणि कोणती नाही, हे आम्ही भूलतज्ज्ञांनी गोळीचे नाव घालून केसपेपरवर लिहायला हवे. सोमवारपासून मी तसे लिहीन. मिशरीचा प्रश्न मी आजवर एकाही रुग्णाला विचारलेला नाही, तो आता विचारेन.

आजींची तब्येत कशी आहे?

शुश्रूषा (धागाकर्ती) | शनिवार, रात्री ११:०५

आज दुपारी घरी गेल्या. वजन उचलायचे नाही, हे मी सांगितल्यावर त्यांनी आपणहून विचारले, "पाण्याची कळशी किती किलोची असते गं?" मुलाने सांगितले, पाणी तो भरेल.